चार नंबर प्रेसवरची सातवी सूचना

सुज्ञ वाचकहो, प्रस्तुत कथेत खून नाही, दरोडा नाही, तिजोरीही फुटलेली नाही. एका कागदावरून एक ओळ नाहीशी झाली. त्या ओळीपायी एका माणसाच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली आणि एका निरपराध स्त्रीची नोकरी जाऊ घातली. यातील गुन्हा एवढाच. तपास करणाऱ्यास जे जे धागे मिळाले ते सर्व आपणापुढे क्रमाने मांडले जातील. फक्त एके ठिकाणी क्षणभर पडदा धरावा लागेल, आणि तो धरताना तसे स्पष्ट सांगितले जाईल. गुन्हेगाराचे नाव शेवटी उघड होईल. चाणाक्ष वाचकाने ते आधीच ओळखले, तर लेखकाची त्यास हरकत नाही.

चाकण औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात सोमवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी प्रेस शॉपमधील भोंगा वाजला. कारखान्याचे नाव येथे देणे उचित नाही.

तो जेवणाच्या सुट्टीचा भोंगा नव्हता. लाल बटण दाबल्यावर जो वाजतो, तो होता.

लाइन लीडर रोहिदास येळवंडे हातातील चहा तसाच टाकून धावला.

चार नंबर प्रेससमोर ज्योतीराम उभा होता. तो मूळचा लातूरकडचा. कंत्राटावर लागून त्यास जेमतेम पंधरा दिवस झाले होते. उजवा हात डाव्या हाताने घट्ट धरून तो त्या हाताकडे, परक्याच्या वस्तूकडे पाहावे तसा पाहत होता.

"भाऊ," तो रोहिदासला म्हणाला, "मी कागदावर लिहिल्यासारखंच केलो होतो की."

एवढे बोलून तो खाली बसला.

रुग्णवाहिका गेली.  सेफ्टी ऑफिसर रविराज साहेब आले. प्रेसची जाळी त्यांनी हाताने ढकलून पाहिली. जाळी सताड उघडली. तिची खिट्टी लावलेलीच नव्हती.

येथे थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. प्रेस म्हणजे पत्रा साच्यात दाबून सुटे भाग काढणारे यंत्र; तिच्यातील साचा बदलताना पुढची संरक्षक जाळी उघडावी लागते. साचा बसला की जाळी लावून तिची खिट्टी बसवायची, मगच यंत्र सुरू करायचे. खिट्टी विसरली तर जाळी नुसती टेकलेली राहते. धक्क्याने उघडते, आणि माणसाचा हात नकळत आत जातो. ही गोष्ट शॉपमधील प्रत्येक जुन्या कामगारास ठाऊक आहे. शिवाय ती प्रत्येक प्रेसवर लिहिलेलीही आहे. यंत्राशेजारी प्लास्टिकमध्ये मढवलेला एक कागद टांगलेला असतो. त्यावर डावीकडे यंत्राचे चित्र व बाण, उजवीकडील अरुंद रकान्यात सात सूचना, आणि त्याच रकान्याच्या तळाशी यंत्रपालकाचे छायाचित्र. यंत्रपालक म्हणजे ज्या जुन्या कामगाराने ते यंत्र लेकरासारखे सांभाळले तो. हा आमच्याकडे मोठा मान समजला जातो.

रविराज साहेब कागदावर बोट ठेवून मोजू लागले.

"एक, दोन, तीन... पाच, सहा." त्यांचे बोट थांबले. "सातवी कुठंय?"

सातवी सूचना कागदावर नव्हती.

कार्यालयातील फाइल तत्काळ मागवण्यात आली. तीत जानेवारी महिन्यात मंजूर झालेली मूळ प्रत होती. तिच्यावर सातवी सूचना ठळक अक्षरांत होती: साचा बदलल्यानंतर जाळीची खिट्टी बसवल्याची खात्री करूनच प्रेस सुरू करावी.

म्हणजे जानेवारीत ओळ होती. आज नव्हती. कोणी काढली?

"कोण काढणार?" रविराज साहेब म्हणाले. "ह्या फाइली एकाच माणसाच्या कॉम्प्युटरवर आहेत. पासवर्डही तिचाच."

ती म्हणजे तनुजा. कागदपत्र विभागात काम करणारी, संत तुकाराम नगरहून रोज कंपनीच्या बसने येणारी, दोन लेकरांची आई. एका तासात तिचा संगणक बंद करून त्यावर चिकटपट्टी लावण्यात आली. मनुष्यबळ विभागाच्या प्रमुख वर्षाली मॅडम यांनी तिला सांगितले की गुरुवारी सकाळी अकरा वाजता निर्णय होईल, आणि दुसरे काही सिद्ध न झाल्यास तिला घरी जावे लागेल. ज्योतीरामच्या अपघाताच्या कागदावर 'कामगाराचा निष्काळजीपणा' असा शेरा पेन्सिलीने लिहिला गेला. पेन्सिलीचे पेन होण्यास तेवढाच अवकाश होता.

चौकशीत कामगारांचा एक माणूस असावा लागतो. तो मान सुरक्षा समितीचा सभासद या नात्याने रोहिदासकडे आला.

रोहिदास हा महाळुंग्याचा. नववीत शाळा सुटली, परंतु वाचनाचा नाद सुटला नाही, त्यातही रहस्यकथांचा. बावीस वर्षे तो ह्या शॉपमध्ये होता, पैकी अकरा वर्षे चार नंबर प्रेसवरच. गतवर्षी हरवलेले एक मोजमापाचे गेज त्याने कॅन्टीनमध्ये पापडाच्या डब्यावर वजन म्हणून ठेवलेले शोधून काढले होते. तेव्हापासून पोरे त्यास 'डिटेक्टिव्ह राव' म्हणत. तो वरवर रागावे, परंतु मनातून त्यास ते आवडत असे.

"राव, आता खरी केस आली," कोणीतरी म्हणाले.

रोहिदासने नवी वही काढली आणि पहिल्या पानावर लिहिले: ओळ कोणी चोरली?

प्रथम त्याने तो कागद निरखला. सहाव्या सूचनेखाली लगेच छायाचित्र सुरू होत होते. छायाचित्राच्या वरच्या कडेला लागून काही बारीक काळ्या खुणा होत्या, मुंगीच्या पायांसारख्या वाकड्या.

"हे काय, साहेब?"

"प्रिंटरची घाण," रविराज साहेब म्हणाले. "शाई उडते."

रोहिदासने वहीत लिहिले: काळ्या खुणा, शाई. मग तो शेजारच्या पाच नंबर प्रेसकडे गेला. तेथील कागदावर सातही सूचना जागच्या जागी होत्या आणि खाली यंत्रपालकाचा नखाएवढा फोटो. शाई मात्र कोठेही उडालेली नव्हती.

दुपारी त्याने तनुजाला कॅन्टीनच्या कोपऱ्यात गाठले. तिच्यासमोरील डबा उघडलेला नव्हता.

"तनुजाताई, ओळ तुम्ही काढली का?"

"भाऊ, मी कशाला काढू? मीच तर ती टाईप केली होती."

"चुकून?"

"चुकून एखादं अक्षर जातं. अख्खी ओळ, खाली रेघसुद्धा न राहता?"

"शेवटचा कागद कधी छापला?"

"कुटुंब दिवसाच्या आधी. सगळ्या चाळीस मशीनचे एकदम. रविराज सरांनी सांगितलं, घरचे लोक येणार, जुने कागद तेलकट झालेत, नवीन लावा. शुक्रवारी चार वाजता छापले, शनिवारी पाहुणे आले."

कुटुंब दिवस म्हणजे वर्षातून एकदा कामगारांच्या घरच्यांना कारखाना दाखवतात, तो दिवस. त्यास तीन आठवडे झाले होते.

"छापताना तुम्ही वाचले?"

तनुजाने मान खाली घातली. "चाळीस होते, भाऊ. प्रिंट मारलं."

"त्या शुक्रवारी तुमच्या खुर्चीत दुसरं कोणी बसलं होतं?"

"माझ्यासमोर तरी नाही. पण जेवायला जाताना मी कॉम्प्युटर बंद करत नाही. कोणीच करत नाही." तिने डोळे वर केले. "भाऊ, मला एकदा तरी ती फाइल उघडू द्या. सकाळपासून मला माझ्या टेबलाजवळसुद्धा जाऊ देत नाहीत. चोर असल्यासारखं."

रोहिदासने वही उघडली. त्यास त्या शुक्रवारची एक क्षुल्लक गोष्ट आठवली होती. ती ह्या प्रकरणाशी संबंधित नाही असे वाटून त्याने ती वहीत लिहिली नाही.

नंतर पाळी कुसुमताईंची. कार्यालयाची झाडलोट करणे आणि कागद प्लास्टिकमध्ये मढवणे, ही दोन्ही कामे त्यांचीच.

"कुसुमताई, चार नंबरचा कागद तुम्हीच मढवला?"

"मीच की. चाळीस मढवले. बोटं भाजली माझी. कोणी विचारलं का?"

"त्यावर सहा सूचना होत्या की सात?"

"बाई गं! मला काय म्हायती? मी काय वाचत बसू का मढवू? तुम्ही लोकं रोज त्याच्यासमोर उभे राहता, तुम्हाला दिसलं नाही, आन् मला विचारता व्हय?"

रोहिदासने वहीचे पान उलटले.

"त्या शुक्रवारी दुपारी काही वेगळे घडले?"

कुसुमताईंनी पदराने तोंड पुसले. "घडलं ना. जेवून आल्यावर तनुजामॅडम माझ्यावर वरडल्या. म्हणे, माऊसला काळं कशानं लागलं? मी म्हणलं, मी हात तरी लावते का तुमच्या उंदराला? चांगलं वंगणाचं काळं होतं. कपडा मारून पुसलं मी."

"वंगण?"

"मंग काय! तुमच्या हातांना असतंय तसलं."

रोहिदासने नकळत स्वतःचे तळहात पाहिले. बावीस वर्षांत त्या रेषांतील काळे कधी निघाले नव्हते. परंतु शॉपमधल्या दीडशे माणसांचे हात तसेच होते.

हा धागा मोठा होता. रविराज साहेबांचे हात स्वच्छ असत. तरीही रोहिदासचा संशय त्यांच्यावरच होता. कारण कागद छापण्याची घाई त्यांनीच केली होती.

"साहेब, नव्या कागदावर 'तपासले' म्हणून सही कोणाची?"

"माझी."

"तपासले होते?"

रविराज साहेबांनी दाराकडे पाहिले. दार बंद होते.

"रोहिदास, चाळीस कागद होते आणि मंडप घालायचा राहिला होता. मी सह्या केल्या. आता हे तू लिहिणार का?"

"लिहावे लागेल."

"मग हेही लिही," साहेब चिडून म्हणाले, "की ज्योतीरामच्या प्रशिक्षणाच्या कागदावर 'सर्व सूचना समजावून दिल्या' म्हणून सही तुझी आहे. तू दिल्यास समजावून?"

रोहिदासचे तोंड उतरले. आमच्या शॉपवर पद्धत अशी, की नवीन माणसास यंत्रासमोर उभे करायचे, 'वाच आणि सही कर' म्हणायचे, आणि आपण दुसऱ्या कामास जायचे. त्याने तेच केले होते. त्याने हेही लिहिले. मात्र अक्षर बारीक काढले.

मंगळवार सरला. बुधवारी दुपारी वर्षाली मॅडमनी त्यास तनुजाचा संगणक पाहण्यास एक तास दिला. दाराबाहेर पहारेकरी बसला. आत रोहिदास एकटा.

फाइल सापडली. ती शेवटची कधी बदलली, ते संगणकावर लिहून येते: कुटुंब दिवसाच्या आदला शुक्रवार, दुपारी एक वाजून पंचवीस मिनिटे. त्या वेळी तनुजा कॅन्टीनमध्ये रांगेत उभी होती. हे दहा जणांनी सांगितले असते.

त्याने फाइल उघडली. पडद्यावर कागद आला. सहा सूचना. सातवी नाही.

रोहिदासला टंकलेखन फारसे येत नव्हते. तरुण पोरे मोबाइलमध्ये शब्द शोधतात तसे येथेही शोधता येते, हे मात्र त्यास ठाऊक होते. शोधण्याच्या चौकटीत त्याने एका बोटाने, अक्षर अक्षर हुडकून, शब्द लिहिला: खिट्टी.

संगणकाने उत्तर दिले. सापडला. एक वेळा.

रोहिदासने डोळे चोळले. पानावर तो शब्द कोठेही नव्हता. परंतु यंत्र म्हणत होते की आहे. जो शब्द आहे तो दिसत नाही, आणि जो दिसत नाही तो पुसलेलाही नाही. बावीस वर्षांत त्याने असे कोडे पाहिले नव्हते.

त्याने माऊस हातात धरला.

वाचकहो, येथे तो पडदा धरावा लागत आहे. रोहिदासने काय हलवले आणि त्यास काय दिसले, ते पुढे येईल. एवढेच सांगतो, की त्याने जे हलवले ते पुन्हा जसेच्या तसे केले. फाइल बंद केली. कपाळाचा घाम बाहीने पुसला. वर्षाली मॅडमच्या खोलीत जाऊन तो म्हणाला, "अजून काही सापडले नाही, मॅडम."

"मग उद्या तनुजाचं पत्र तयार ठेवते," त्या म्हणाल्या.

तो वही बगलेत मारून बाहेर पडला.

सायंकाळी तो ज्योतीरामकडे गेला. पत्र्याच्या खोल्यांच्या चाळीत तिसरी खोली. ज्योतीराम खाटेवर बसला होता. उजवा हात पांढऱ्या पट्ट्यांत, गाठोड्यासारखा.

"ये भाऊ, बस. चहा मला करता येईना आता, पाणी घे."

"दुखते का?"

"जी बोटं नाहीत तीच दुखायलीत. डॉक्टर म्हणले, असंच असतंय." तो थोडा हसला. मग गंभीर झाला. "भाऊ, कंपनीत म्हणायलेत, मी निष्काळजी. मी काय खोटं बोलायलो का? मी कागद वाचलो होतो. तू म्हणलास वाच, म्हणून वाचलो. एकदा नाही, तीनदा. पाठ आहे मला."

आणि भिंतीकडे पाहत, शाळेतील मुलासारखा, तो म्हणू लागला. पहिली, दुसरी, तिसरी. एकही शब्द इकडचा तिकडे नाही. सहावी संपली आणि तो थांबला.

"पुढचं नव्हतं, भाऊ."

"होय," रोहिदास म्हणाला. "पुढचं नव्हतं."

पाण्याचा पेला त्याने तसाच खाली ठेवला.

तो घरी आला तेव्हा आई अंबुबाई उंबऱ्यात बसून लसूण सोलत होती. वय ऐंशी. एका डोळ्यास मोतीबिंदू, दुसऱ्यास अंधूक दिसते. आत भिंतीवर कुटुंब दिवसाचे छायाचित्र चौकटीत लावलेले होते. चार नंबर प्रेसपाशी अंबुबाई उभी. मागे तो मढवलेला कागद.

"आई," रोहिदासने विचारले, "त्या दिवशी मशिनीवरचा माझा फोटो तुला दिसला होता ना?"

"व्हय तर. हात लावून बघितला म्या. केवढा थोरला हाय!"

"तो बारीक असता तर?"

"तर मला कुठला दिसतोय? न्हाई दिसला आसता." तिने लसणाची पाकळी सुपात टाकली. "पर तू हुतास की म्होरं उभा. म्या फोटूला काय करू, लेका?"

गुरुवार. सकाळी अकरा. सभेच्या खोलीत वर्षाली मॅडम, रविराज साहेब, तनुजा आणि कुसुमताई. तनुजाच्या हातात घडी घातलेला कागद होता. तो राजीनामा होता. काढून टाकण्यापेक्षा आपण होऊन जावे, असे तिने ठरवले होते.

"रोहिदास, काही सांगायचंय?" मॅडमनी विचारले.

"होय. ओळ सापडली. ज्याने नाहीशी केली, तोही सापडला."

"कोण?" रविराज साहेब खुर्चीत पुढे झाले.

"आधी तनुजाताईंचा संगणक भिंतीच्या पडद्याला जोडा. आणि तनुजाताईंनाच तो चालवू द्या."

जोडण्यात आला. सहा सूचनांचा कागद भिंतीवर उमटला.

"ताई, खिट्टी हा शब्द शोधा."

तनुजाने शोधला. एक वेळा सापडला, अशी अक्षरे उमटली.  मग तिच्या तोंडून "अरे देवा!" असे निघाले. तिला ती विद्या अवगत होती; तिला पुढचे सांगावे लागले नाही. तिने छायाचित्राचा वरचा कोपरा धरला आणि खाली ओढला. छायाचित्र लहान लहान होत गेले, आणि त्याखालून, धुके विरल्यावर डोंगर दिसावा तशी, सातवी सूचना बाहेर आली. ठळक अक्षरांत. एक काना-मात्राही न हरवता.

"ही कुठं गेलीच नव्हती," तनुजा म्हणाली.  "फोटो मजकुराच्या वर तरंगता ठेवलेला आहे. असे फोटो मीच ठेवते, नाहीतर ते ओळींना ढकलतात. लहान होता तोवर रिकाम्या जागेत होता. कोणीतरी मोठा केला."

"रांगोळीवर पाट ठेवावा तसं," कुसुमताई म्हणाल्या. "रांगोळी पुसत न्हाई, पर दिसत बी न्हाई."

"आणि त्या काळ्या खुणा," रोहिदास म्हणाला, "शाई नव्हती. सातव्या ओळीच्या वेलांट्या होत्या. फोटोच्या वर डोके काढून तीन आठवडे आपल्याला हाका मारत होत्या."

वर्षाली मॅडम पडद्याकडे निरखून पाहत होत्या. "पण हा फोटो... रोहिदास, हा तर तुमचा आहे."

"होय. चार नंबरचा यंत्रपालक मी."



"मी क्रमाने सांगतो," रोहिदास म्हणाला. तो उभाच होता. "पाच नंबरवर फोटो नखाएवढा, चारवर तळहाताएवढा, हे सर्वांना दिसत होते, परंतु जे रोज दिसते ते कोणी पाहत नाही. माऊसला वंगण होते, म्हणजे बसणारा शॉपमधला. फाइल एक पंचविसाला बदलली, म्हणजे तो जेवणाच्या सुट्टीत आला. आणि फोटो मोठा होऊन भले कोणाचे होणार होते? फक्त फोटोवाल्याचे."

"तुम्ही बसलात माझ्या खुर्चीत?" तनुजाने विचारले.

"त्या शुक्रवारी सकाळी मी तुमच्याकडे आलो होतो. फोटो मोठा करा म्हणालो. तुम्ही म्हणालात, मंजूर कागदाला सहीशिवाय हात लावता येत नाही. तुमचे बरोबर होते. परंतु दुसऱ्या दिवशी माझी आई येणार होती, तिला बारीक दिसत नाही. पोराचा फोटो यंत्रावर आहे हे तिला दिसावे, एवढेच मनात होते. खोटे कशाला बोलू, ते एवढेच नव्हते. मलाही तो मोठा हवा होता. तुम्ही जेवायला गेलात. मी कोपरा धरून ओढला. अर्धे मिनिटही लागले नाही. चार वाजता तुम्ही छापलात. साहेबांनी सही केली. दुसऱ्या दिवशी मी त्या कागदासमोर तासभर उभा होतो, आणि माझ्या तोंडाखेरीज त्यावर काही वाचले नाही."

"पण तीन आठवडे प्रेस चालली," रविराज साहेब म्हणाले. "तेव्हा काही झालं नाही."

"कारण तेव्हा साचा बदलणारे सगळे जुने होते; ज्योतीरामने तो सोमवारी पहिल्यांदाच बदलला. आम्ही कागद वाचत नाही, साहेब. खिट्टी आमच्या हातांना पाठ आहे. साऱ्या शॉपमध्ये तो कागद खरोखर वाचणारा एकच माणूस आला. त्याने तीनदा वाचला आणि लिहिले होते तेवढेच केले. त्याचीच बोटे गेली."

रविराज साहेबांनी मान खाली घातली. त्यांच्या सहीची रिकामी जागा पडद्यावर कागदाच्या कोपऱ्यात दिसत होती.

"अजून एक आहे," रोहिदास म्हणाला. "फोटो मोठा केला तो मूर्खपणा. पण हे मला काल दुपारीच दिसले होते. मी फोटो लहान केला, ओळ पाहिली, आणि फोटो पुन्हा ओढून त्या ओळीवर ठेवला. मॅडमना सांगितले, काही सापडले नाही. ते मूर्खपणाने नाही केले. ते समजून-उमजून केले. दुसऱ्यांदा ओळ मी चोरली."

तनुजाने हातातील राजीनामा उलगडला, पुन्हा घडी घातली, आणि टेबलावर न ठेवता पिशवीत टाकला. रोहिदासकडे तिने पाहिले नाही.

"काल मी दोन्ही लेकरांना सांगितलं," ती हळू म्हणाली, "की आईची नोकरी गेली. धाकटी म्हणाली, तू काय चोरलंस? तुम्हाला एक फोन करता आला असता, भाऊ."

रोहिदासने आपली वही मॅडमपुढे सरकवली.

तनुजाचा संगणक त्याच दिवशी मोकळा झाला. ज्योतीरामच्या कागदावरील पेन्सिलीचा शेरा वर्षाली मॅडमनी स्वतः खोडला. रविराज साहेबांना लेखी जबाब द्यावा लागला. रोहिदासची लाइन लीडरची जागा गेली. त्यास साहित्य भांडारात पाठवण्यात आले. यंत्रपालकांची छायाचित्रे चाळीसही कागदांवरून काढण्यात आली.

शेवटचे काम राहिले होते. त्या सायंकाळी तो पुन्हा पत्र्याच्या खोलीत गेला आणि ज्योतीरामला सर्व सांगितले. ज्योतीराम ऐकत राहिला. शिवी दिली नाही. मग त्याने विचारले,

"केवढा केला होतास भाऊ, फोटो?"

आणि माप दाखवण्यासाठी त्याने पट्ट्या बांधलेला उजवा हात उचलला. अंगठा पुढे केला. तर्जनी उचलायला गेला, आणि ती नाही हे त्याच्या ध्यानात आले.

"एवढा?" तो म्हणाला.

वाचकहो, रहस्य येथे संपले. मात्र एक कबुली बाकी आहे. ही कथा मी तिसऱ्याच कोणा माणसाची असावी तशी लिहिली, कारण 'मी' हे अक्षर लिहू गेलो की हात थांबत होता. परंतु ज्याने एकदा ओळीवर आपले तोंड ठेवले, त्याने पुन्हा एका नावामागे लपावे, हे बरे नव्हे. आपण सहाव्या ओळीवर न थांबता शेवटपर्यंत वाचलेत, याबद्दल मी आपला अंतःकरणपूर्वक आभारी आहे. भिंतीवरील जे कागद आपण रोज पाहता, तेही एकदा असेच वाचावेत, ही हात जोडून विनंती.

आपला,
रोहिदास धोंडिबा येळवंडे
साहित्य भांडार, पूर्वी चार नंबर प्रेस
मु. पो. महाळुंगे, ता. खेड